ओठ शिवला, टाळू शिवली, मग मेंदूचा एमआरआय कशाला?

आमच्या मुलाला घरात बाळू म्हणतो, इथेही तेच नाव ठेवते. जन्म मे 2015 चा, डाव्या बाजूचा ओठ आणि पूर्ण टाळू दुभंगलेली. आता तो चांगला मोठा झालाय आणि मागची दोन वर्षं आम्ही ज्या तपासण्यांमधून गेलो त्याबद्दल मला मराठीत कुठे काही सापडलं नव्हतं. ऑपरेशनबद्दल सगळे सांगतात, त्याच्या पुढचं कोणी सांगत नाही. कान, वाचन, मेंदू, सर्टिफिकेट हे सगळं एकेक करून आम्हाला समोर येत गेलं, म्हणून ते घडलं त्याच क्रमाने लिहितेय.

सुरुवातीचं थोडक्यात. बाळूचा ओठ चौथ्या महिन्यात शिवला आणि टाळू सव्वा वर्षाचा असताना. दोन्ही ऑपरेशन्स स्माईल ट्रेन या अशा मुलांच्या मोफत ऑपरेशनला मदत करणाऱ्या संस्थेशी जोडलेल्या हॉस्पिटलात पूर्ण मोफत झाली, आमचा खर्च फक्त येण्याजाण्याचा आणि बाहेरच्या जेवणाचा. ज्यांच्याकडे आत्ता असं बाळ आहे त्यांनी पैशासाठी थांबू नका, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातही हे बसतं, अंगणवाडीत किंवा सरकारी दवाखान्यात विचारलं तर पुढची वाट दाखवतात. आणि कोणी ग्रहणात काय चिरलं होतंस असं विचारलं तर सरळ दुर्लक्ष करा. मला हे इतक्या वेळा विचारलं गेलंय. पोटातल्या बाळाचा ओठ पाचव्या ते सातव्या आठवड्यात जुळतो, तेव्हा कित्येक बायकांना दिवस गेल्याचंही नीट कळलेलं नसतं. जगात साधारण 700 बाळांमागे एकाला हे असतं आणि त्या प्रत्येकाच्या आईने ग्रहणात विळी हातात घेतलेली नसते.

टाळू शिवायच्या आधी बाळू बाबांना मामा म्हणायचा. हवा नाकातून सुटायची म्हणून ब चा म व्हायचा. ऑपरेशननंतर स्पीच थेरपी सुरू केली, आरशासमोर बसून फुंकर मारणं, प-प-प, ब-ब-ब, नाकपुडीखाली छोटा आरसा धरून त्यावर वाफ येते का बघणं. चार वर्षांचा होईपर्यंत बोलणं पुष्कळ सुधारलं, थोडं गेंगाणं राहिलं. मग कोविड आला, थेरपी बंद, बालवाडी बंद, पहिली मोबाईलवर. त्या काळात त्याचं वाचन किती मागे आहे हे कळायला मार्गच नव्हता, सगळ्यांचीच मुलं मागे होती.

जून 2023 ला तिसरी सुरू झाली आणि ऑगस्टमध्ये बाईंनी बोलावून घेतलं. आमची शाळा जिल्हा परिषदेची, मराठी माध्यम, बाई खूप चांगल्या आहेत. त्यांनी वही समोर ठेवली. 'बाजार' ला 'माजार', 'धर' आणि 'घर' मध्ये गोंधळ, रफार गायब, जोडाक्षर आलं की तिथेच थांबलेला. बाई म्हणाल्या, ताई, गोष्ट सांगितली की हा सगळ्यात आधी उत्तर देतो, पण वाचायला सांगितलं की घाम फुटतो, आणि मधेच कुठेतरी बघत बसतो, हाक मारली तरी कळत नाही. हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं ठरलं.

घरी आल्यावर माझ्या डोक्यात एकच चाललेलं, हे कानाचं आहे, तोंडाचं आहे की डोक्याचं? माजार लिहितो कारण त्याला तसं ऐकू येतं, की तो तसं बोलतो म्हणून तसं लिहितो, की अक्षरच पकडता येत नाही? घरात प्रत्येकाचं मत वेगळं. सासूबाई म्हणाल्या ऑपरेशनला दोनदा भूल दिली त्याचा परिणाम. हे म्हणाले आळशी झालाय, मोबाईल काढून घे.

आमच्या जुन्या स्पीच थेरपिस्ट मॅडमना फोन केला. त्यांनी सांगितलेला क्रम सगळ्यांनी लिहून ठेवा असा आहे: आधी कान, मग डोळे, मग बुद्धिमत्ता आणि वाचनाच्या टेस्ट. कान क्लिअर नसताना बाकीच्या टेस्ट केल्या तर त्यांना अर्थ राहत नाही.

सप्टेंबर 2023. साताऱ्यात ऑडिओलॉजिस्टकडे गेलो. काचेच्या छोट्या खोलीत हेडफोन लावून बसवतात, आवाज आला की बटण दाबायचं. त्यानंतर कानात एक मऊ टोक घालून हवेचा दाब बदलतात आणि कागदावर ग्राफ येतो, त्याला टिंपॅनोमेट्री म्हणतात. चांगल्या कानाच्या ग्राफला मध्ये उंच टोक येतं. बाळूच्या दोन्ही कानांची रेघ आडवी, सपाट. पडद्यामागे चिकट पाणी. दोन्ही टेस्टचे मिळून 900 रुपये झाले.

कारण ऐकून मला रागच आला. टाळूचे जे स्नायू कानाची नळी उघडतात तेच दुभंगलेल्या टाळूत नीट जोडलेले नसतात, म्हणून या मुलांच्या कानात पाणी साचणं हे अगदी नेहमीचं. तरी टाळूच्या ऑपरेशननंतर आम्हाला दरवर्षी कान तपासा असं कोणी ठासून सांगितलं नव्हतं, फाईलमध्ये एका ओळीत इंग्रजीत लिहिलेलं होतं म्हणे. कान दुखत नाही, वाहत नाही, मग आईबापांना कळणार कसं? तुमच्या मुलाची टाळू दुभंगलेली असेल तर दुखो न दुखो, सहा महिन्यांनी, निदान वर्षाने तरी हा टिंपॅनोमेट्रीचा ग्राफ काढून घ्या.

दिवाळीच्या सुट्टीत दोन्ही कानांत ग्रोमेट बसवले, पडद्यात बसवायची बारीकशी नळी. सकाळी ॲडमिट, संध्याकाळी घरी. खाजगीत केलं म्हणून सगळं मिळून 28 हजार गेले, घाई नसेल तर ट्रस्टच्या हॉस्पिटलात चौकशी करा, खूप कमी होतं. डिस्चार्ज कार्डावर ग्रोमेट कशाचे आहेत ते लिहून घ्या, आमचे प्लास्टिकचे होते, हे पुढे एमआरआयच्या वेळी लगेच विचारलं. घरी येताना गाडीत बाळू म्हणाला आई, खिडकी लाव ना, आवाज येतोय. त्याआधी त्याने असं कधी म्हटलं नव्हतं.

मला वाटलं सुटलो. पण डिसेंबरपर्यंत ऐकणं सुधारलं, टीव्हीचा आवाज कमी झाला, वाचन मात्र तिथेच. आणि ते हरवून बसणंही तिथेच. बालरोगतज्ज्ञांनी उंचीचा तक्ता बघितला, तीही मागे पडत चाललेली, आणि म्हणाले पुण्यात मेंदूच्या डॉक्टरांना, म्हणजे न्यूरोलॉजिस्टना, एकदा दाखवा, लहान मुलांचे असतात त्यांनाच दाखवा.

न्यूरोलॉजिस्टची अपॉइंटमेंट तीन आठवड्यांनी मिळाली, फी 1200. त्यांनी आधी ईईजी सांगितला, म्हणजे डोक्याला तारा लावून मेंदूच्या लहरींचा आलेख काढतात ती तपासणी, कारण मधेच शून्यात बघणं हा फिटचाही एक प्रकार असू शकतो. ईईजीची टीप: आदल्या दिवशी केस धुवा, तेल अजिबात नको, आणि मुलाला रात्री उशिरा झोपवून पहाटे उठवायचं म्हणजे तिथे झोप लागते. आम्ही पहाटेच्या एसटीने निघालो आणि बाळूला शिरवळपर्यंत जागं ठेवायला मी सगळ्या गोष्टी संपवल्या. ईईजी नॉर्मल आला. फिट नाहीत, तो वाचायला लागू नये म्हणून मनाने निघून जातो, असं डॉक्टर म्हणाले, आणि ते अगदी पटलं.

मग एमआरआय कशाला? हे मी विचारलं आणि डॉक्टरांनी न चिडता सांगितलं. फक्त वाचता येत नाही म्हणून कोणाचाही एमआरआय करायची गरज नसते. पण चेहऱ्याच्या मध्यभागी जन्मतः दोष असेल तर कधीकधी मेंदूच्या मध्यभागीही, विशेषतः उंची वाढवणारं हार्मोन बनवणाऱ्या पिट्यूटरी ग्रंथीच्या आसपास, काहीतरी राहून गेलेलं असतं, आणि बाळूची उंची कमी आहे म्हणून एकदा बघून घेऊ. चेहरा आणि मेंदू एकमेकांना लागूनच घडतात. बाळाच्या मेंदूची नळी बनते तेव्हा तिच्या कडेवरच्या पेशी निघून पुढे येतात आणि त्यांच्यापासून चेहऱ्याची हाडं, कूर्चा, बरंच काही बनतं. पुढचा मेंदू जे इशारे देतो त्यावर चेहरा आकार घेतो. इतकी वर्षं मी ओठ आणि टाळू म्हणजे वरवरचं, शिवलं की संपलं असं धरून चालले होते.

एमआरआय जानेवारी 2024 मध्ये. इथे एक गोष्ट अगदी वेळेवर कळली ती आधी सांगते. बाळूच्या ऑर्थोडॉन्टिस्टनी, म्हणजे दात-जबडा सरळ करणाऱ्या डॉक्टरांनी, त्याच महिन्यात वरचा जबडा रुंद करायला एक्सपांडर बसवायचं ठरवलं होतं, नंतर हिरडीत हाड भरायचं ऑपरेशन आहे त्याच्या तयारीसाठी. तो स्टीलचा असतो. एमआरआय सेंटरला फोन केला तेव्हा तिथल्या टेक्निशियनने विचारलं दातात काही तार आहे का, कारण स्टील असलं की तोंडाच्या आसपास आणि मेंदूच्या पुढच्या खालच्या भागाच्या फोटोत काळा डाग येतो, नेमकं जे बघायचं तेच दिसत नाही. म्हणून आधी एमआरआय आणि मग एक्सपांडर. ज्यांच्या मुलांना तारा लागणार आहेत त्यांनी दोन्ही डॉक्टरांना एकमेकांच्या तारखा सांगा, ते आपापसात बोलत नाहीत, निरोप आपल्यालाच न्यावा लागतो.

झोपेचं औषध द्यायचं की नाही हा प्रश्न होता. औषध दिलं तर सहा तास उपाशी, भूलतज्ज्ञांचे वेगळे पैसे, आणि बाळू तर ऑपरेशनच्या आठवणीनेच घाबरतो. आम्ही ठरवलं जागेपणी प्रयत्न करू. यूट्यूबवर एमआरआयचा आवाज मिळतो, तो लावून त्याला आठवडाभर जेवणाच्या टेबलाखाली सरळ झोपवलं, आधी दोन मिनिटं, मग पाच, मग पंधरा. नाक खाजवलं की पुन्हा पहिल्यापासून. हे खेळासारखं केलं आणि ते कामाला आलं. त्या दिवशी मला आत जाऊ दिलं, मंगळसूत्र, पिना, हुकाचं सगळं काढून. त्याची पॅन्ट नाडीची नेली होती, झिपची चालत नाही. कानात बोळे, त्यावर हेडफोन, डोक्याभोवती प्लास्टिकची जाळी, आणि मी त्याचा पाय धरून उभी. ठकठक, मग घर्रर्र, मग एकदम शांत, मग पुन्हा. पंचवीस मिनिटं तो हलला नाही. बिल 6,500.

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी मोबाईलवर आला आणि त्यातली एक ओळ वाचून माझे हातपाय गळाले: केव्हम सेप्टम पेल्युसिडम. रात्रभर शोधत बसले. त्या शोधात अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातलं काम सापडलं. पेग नोपोलस नावाच्या डॉक्टर आणि त्यांचे सहकारी कितीतरी वर्षं ओठ-टाळू दुभंगून जन्मलेल्या लोकांच्या मेंदूचे एमआरआय करून मोजमाप घेत आलेत. 2002 मध्ये त्यांनी प्रौढ पुरुषांबद्दल लिहिलं, त्यात मेंदूचे पुढचे भाग सरासरीपेक्षा मोठे, आणि मागचे भाग व 'लहान मेंदू' (सेरिबेलम) आकाराने कमी आढळले. 2007 मध्ये मुलांबद्दल, त्यात एकूण मेंदूच थोडा लहान, त्यातही पुढचा फ्रंटल भाग आणि लहान मेंदू. आणि हे जे केव्हम म्हणजे मेंदूच्या मध्यावर दोन पातळ पडद्यांमधली पोकळी, तीही या लोकांत मोठी असण्याचं प्रमाण जास्त. रात्री दोन वाजता हे वाचणाऱ्या आईचं काय होत असेल ते सांगायला नको. तिथल्याच लिन रिचमन या मानसशास्त्रज्ञांनी त्याआधीपासून या मुलांच्या भाषेचा आणि वाचनाचा अभ्यास केलाय, चित्राचं किंवा अक्षराचं नाव पटकन आठवणं आणि ऐकलेले शब्द लक्षात ठेवणं यात काहींना अडचण येते असं त्यात होतं. हे मात्र वाचताना वाटलं, अरे हा तर आपला बाळू.

पुढच्या भेटीत मी सगळं मोबाईलवर उघडून डॉक्टरांसमोर ठेवलं. त्यांनी स्क्रीनवर बाळूचा फोटो लावला, मध्यावरची बारीकशी काळी फट दाखवली, म्हणाले पोटात असताना ही सगळ्यांनाच असते, बहुतेकांची जन्मानंतर पहिल्या काही महिन्यांपर्यंत बंद होते, काहींची थोडी राहते, याची एवढीच आहे, रिपोर्टातही पुढे नॉर्मल व्हेरियंट, म्हणजे काही त्रास नसलेल्या लोकांतही दिसणारा फरक, असं लिहिलंय ते तुम्ही वाचलंच नाही. पिट्यूटरी छान. आणि मग ते जे बोलले ते मी तसंच लिहून ठेवलंय. अभ्यासात एका गटाची सरासरी काढून दुसऱ्या गटाच्या सरासरीशी ताडतात, मिलीलीटरमध्ये मोजून. तुमच्या मुलाचा फोटो आम्ही डोळ्याने बघतो, गाठ आहे का, काही राहिलंय का. जिल्ह्याचा दहावीचा निकाल किती टक्के लागला त्यावरून एका पोराचे मार्क सांगता येतात का ताई? तसंच आहे हे. या मुलांचा मेंदू थोडा वेगळ्या वाटेने वाढतो असं दिसतंय, पण त्यातली कितीतरी मुलं छान शिकतात. आणि उलटही लक्षात ठेवा, एमआरआय नॉर्मल आला म्हणजे मुलाची अडचण खोटी असं नाही. वाचनाची अडचण या मशीनमध्ये दिसत नाही, ती पेपर-पेन्सिलच्या टेस्टमध्ये दिसते.

नॉर्मल एमआरआय म्हणजे अडचण खोटी नाही, हे वाक्य मी घरी तीनतीनदा सांगितलं, कारण रिपोर्ट नॉर्मल कळल्याबरोबर सगळ्यांनी, बघ, काही नाही, अभ्यास करायला नको एवढंच, असं सुरू केलं होतं.

तर मग टेस्ट. फेब्रुवारी 2024 ला डोळे तपासले, ठीक. मग पुण्यातल्या सरकारी हॉस्पिटलात नाव नोंदवलं. खाजगीत सगळ्या टेस्ट सहासात हजारात आठवड्यात होतात, पण परीक्षेत जादा वेळ मिळण्यासारख्या सवलतीचं सर्टिफिकेट हवं तर सरकारमान्य ठिकाणचाच रिपोर्ट लागतो, म्हणून आम्ही थेट तिथेच गेलो. पहिल्या दिवशी फक्त केसपेपर आणि कागदांची यादी. शाळेचं पत्र, मागच्या दोन वर्षांचे निकाल, मूळ वह्या, कानाचा ताजा रिपोर्ट, डोळ्यांचा रिपोर्ट, ऑपरेशनचे कार्ड, आधार. वह्या झेरॉक्स चालत नाहीत, खऱ्या न्या, खाडाखोड असलेल्या. शाळेच्या पत्रावर जावक क्रमांक आणि शिक्का बघून घ्या, नाहीतर परत पाठवतात. रांग सकाळी सातला लागते, नाश्ता बरोबर ठेवा.

बुद्धिमत्तेची टेस्ट मार्चमध्ये झाली. मिसिक नावाची असते, डॉ. मालिन यांनी नागपुरात भारतीय मुलांसाठी तयार केलेली. अर्धी बोलण्याची, अर्धी हाताने करायची, ठोकळे, कोडी, चित्रं. ठोकळ्यांत बाळू खूष, आकडे उलटे म्हणायला सांगितल्यावर अडकला. हाताच्या भागात 108, बोलण्याच्या भागात 92, यात 100 म्हणजे सरासरी. निकाल ऐकून ह्यांचे डोळे भरून आले, कारण इतकी वर्षं मनात कुठेतरी पोरगं मंद आहे अशी भीती होतीच आणि ती त्यांनी कधी बोलून दाखवली नव्हती.

त्यानंतर निम्हान्स बॅटरी, म्हणजे बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेचा वाचन-लेखन-गणिताच्या टेस्टचा संच, तिची तारीख एप्रिलची होती. पण लोकसभेची निवडणूक लागली, कर्मचारी इलेक्शन ड्युटीवर, तारीख गेली जूनवर. चिडून उपयोग नव्हता. टेस्टला जाण्याआधी मुलाचं माध्यम मराठी आहे, उतारे मराठीतले हवेत, हे आधीच खिडकीवर सांगा. आणि उच्चाराचं पण सांगा. बाळू वाचताना ब थोडा म सारखा येतो, तो वाचनाची चूक म्हणून धरला जाऊ नये म्हणून मी स्पीच थेरपिस्ट मॅडमचं अर्ध्या पानाचं पत्र नेलं होतं, टेस्ट घेणाऱ्या मॅडमनी ते वाचलं आणि बाळूला काही शब्द वाचायच्या ऐवजी बोट ठेवून दाखवायला लावले. जोडाक्षरं, रफार, वेगाने नाव सांगणं, इथे तो दोन इयत्ता मागे निघाला. निदान झालं, विशिष्ट अध्ययन अक्षमता, वाचन आणि लेखनाची. गणितात नाही.

म्हणजे कान, तोंड की डोकं याचं उत्तर तिन्ही असं होतं. कानामुळे पहिल्या वर्षांत आवाज पुसट ऐकले, टाळूमुळे काही आवाज तोंडातून नीट आले नाहीत, आणि त्यावर वाचनाची स्वतःची अडचण. तिन्हीवर वेगवेगळं काम करावं लागतं, एकाने दुसरं बरं होत नाही.

सर्टिफिकेटसाठी केंद्र सरकारच्या दिव्यांग कार्डाच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज, 2016 च्या दिव्यांग कायद्यात हे येतं. वय आठ पूर्ण हवं. फोटो आणि आधार अपलोड करताना साईट बंद पडते, रात्री उशिरा करा. ते कार्ड ऑगस्ट 2024 ला हातात आलं. चौदाव्या वर्षी आणि मग अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी असते, म्हणून सगळे मूळ रिपोर्ट एका फाईलमध्ये ठेवले आहेत. दिव्यांग हा शब्द लावायचा का यावर घरात बरंच झालं. मी म्हटलं, पोराला परीक्षेत जादा वेळ मिळणार असेल तर मला कुठलाही शब्द चालेल.

आता आठवड्यातून दोनदा रेमेडियल टीचरकडे, म्हणजे अशा मुलांना वेगळ्या पद्धतीने शिकवणाऱ्या बाईंकडे, जातो, तासाचे 350. त्या वाळूत बोटाने अक्षर काढून घेतात, तोंडाने म्हणत, ब ला ओठ मिटतात हे हात लावून बघत. पहिले चार महिने काही फरक दिसला नाही हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे तुम्ही सोडणार नाही. पाचवीत आल्यावर तो स्वतःहून दुकानांच्या पाट्या वाचायला लागला, हळू, पण शेवटपर्यंत. उंचीसाठी दर सहा महिन्यांनी मोजमाप चालू आहे, हार्मोनच्या टेस्ट ठीक आल्यात. ग्रोमेट पडून गेले, कानाचा ग्राफ दोन्हीकडे टोक दाखवतो, तरी वर्षाने काढतोच.

एक्सपांडरचं काम झालंय. पुढचं ऑपरेशन हिरडीतल्या फटीत कमरेचं हाड भरायचं, सुळा खाली यायच्या आत करावं लागतं, म्हणून एक्सरे काढून तारीख ठरवणार आहेत. ते झालं की त्याचं वेगळं लिहीन, त्यात भुलेच्या आधीच्या तपासण्या, रजेचा अर्ज आणि शाळा किती बुडते हे सगळं असेल.